माझ्या नावाखाली चालणारा आवाज

माझी बायको बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होती. गाड्या कुठल्या फलाटावर लागल्या, कुठली गाडी उशिरा सुटणार, हे माइकवरून सांगायचं तिचं काम. आवाज खणखणीत. भाजी घेताना ती नुसतं "कोथिंबीर ताजी द्या" म्हणाली तरी शेजारची एखादी बाई वळून बघायची आणि विचारायची, "ताई, तुम्ही स्टँडवर असता का हो?" मग ती इतकी खूश व्हायची की कोथिंबीर तिथंच राहायची.

तिचा आजार पहिल्यांदा माइकवरच कळला. नामपूरची गाडी लागली होती, तिनं तसं सांगितलंही, पण बाकावर बसलेल्या एका म्हातारीला ते उमगलंच नाही आणि गाडी निघून गेली. म्हातारी चिडून खिडकीशी आली. "काय बोली ऱ्हायनी ही बाई, काहीच समजत नही!" घरी येऊन बायकोनं मला हे हसत सांगितलं. मग थांबली आणि म्हणाली, "अहो, नामपूर म्हणून बघू का? ऐका." तिनं म्हटलं. 'म' आणि 'प' एकमेकांत मिसळून गेले होते. मी म्हणालो, थकली असशील.

पुढे तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच हळूहळू मरत जातात असा तो आजार. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं, औषधं लिहून दिली आणि शेवटी म्हणाले की आवाज जाईल, तोपर्यंत बोलून घ्या. आम्हाला मूलबाळ नाही. घरी आम्ही दोघंच. रिक्षानं परत येताना ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. बोलून घ्यायला सांगितलं होतं, तरी.

मी अंबडच्या एका कारखान्यात संगणक सांभाळतो. बाकी काही सुचेना, तेव्हा हातात असलेली विद्या मी वापरायला घेतली. सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीवर गोधड्या टांगल्या, एक माइक आणला आणि रोज दुपारी तिचा आवाज साठवायला सुरुवात केली. पाणी. पंखा बंद करा. पाठ दुखते. कूस बदला. कोण आलंय? तोवर बरेच शब्द जड झाले होते. काही वाक्यं ती दहादा म्हणायची आणि शेवटी मान हलवायची, की हे राहू द्या. सगळ्यात स्वच्छ निघाला तो "अहो". तो एकदाच म्हणावा लागला.

त्यावर मी एक प्रोग्रॅम लिहिला. पलंगाशेजारी तळहाताएवढा छोटा संगणक, एक पडदा आणि मोठ्या बटणांचा कळफलक. उजव्या हाताची दोन बोटं तिच्या ताब्यात होती. त्या बोटांनी पडद्यावरचं साठवलेलं वाक्य निवडलं की तिचाच आवाज यायचा, आणि नवीन काही टाइप केलं की यंत्राचा सपाट आवाज ते वाचून दाखवायचा. एक स्पीकर तिच्याजवळ, दुसरा स्वयंपाकघरात. तो इतका मोठा होता की भिंतीपलीकडच्या काकूंनाही हाक जायची.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. तो प्रोग्रॅम मी कधी नीट बसवलाच नव्हता. रोज सकाळी उठल्यावर मी त्या संगणकावर माझ्या नावानं, माझा पासवर्ड घालून लॉगिन करायचो. एक काळी खिडकी उघडायची, त्यात प्रोग्रॅमचं नाव टाकून सुरू करायचो. ती खिडकी उघडी असेपर्यंत तिला आवाज. कारखान्यात मी असे कितीतरी प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून लावून दिले होते. म्हणजे संगणक सुरू झाला की ते आपोआप पाठीमागे चालू होतात, कुणी लॉगिन करो न करो, आणि बंद पडले तर स्वतःच पुन्हा उठतात. अर्ध्या दिवसाचं काम. घरी मात्र ते आज करू, रविवारी करू, असं राहून गेलं. आळस होताच. पण खोटं कशाला बोलू, मला ती सकाळ आवडायची. मी प्रोग्रॅम सुरू करायचो आणि तिचा पहिला शब्द यायचा, "अहो." मग ती टाइप करायची, "चहा झाला का?" मी तिला रोज आवाज देतोय असं वाटायचं. त्यात एक सुख होतं, आणि ते माझं होतं.

त्या दिवशी मी नेहमीसारखा स्कूटरवरून कामावर गेलो. सकाळी घरी कामाला ठेवलेल्या मावशी असायच्या. स्वयंपाक, तिची अंघोळ, भरवणं, सगळं त्या करायच्या आणि दुपारी एकला तिला खुर्चीत बसवून जायच्या. पुढे मी येईपर्यंत ती एकटी. काही लागलं तर स्पीकरवरून काकूंना हाक मारायची, काकू किल्ली घेऊन यायच्या. दुपारी दोनच्या सुमारास कधीतरी दुरुस्तीसाठी वीज गेली. पंधरा मिनिटांत आलीही. काकूंना तर कळलंसुद्धा नाही, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. आमचा छोटा संगणक पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड विचारत थांबला.

मी पावणेसहाला दार उघडलं. ती खुर्चीत उजवीकडे कलंडली होती. उजवा हात खुर्चीच्या दांड्यात आणि तिच्याच अंगाखाली अडकला होता, निळा पडला होता. कपडे ओले झालेले. डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी "अगं, काय झालं, काय झालं" म्हणत राहिलो, जणू ती सांगणारच होती. तिला उचललं, पुसलं, कपडे बदलले, हात चोळत बसलो. शेवटी तो हात थोडा परत आला, पण दोन बोटांपैकी मधलं बोट आलं नाही. ते कायमचं गेलं.

त्या संध्याकाळी मी लॉगिन करून प्रोग्रॅम सुरू केला. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशींशी बोलायची, काकूंशी बोलायची. मी खोलीत आलो की बोट कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भरवत होतो. तिनं मान फिरवली आणि टाइप करायला लागली. एका बोटानं, फार वेळ लागला. यंत्र वाचायला लागलं.

"माझा आवाज तुमच्या नावाखाली का चालतो?"

मला आधी कळलंच नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यात माझं नाव दिसलं. मी समजावायला गेलो की लॉगिन म्हणजे काय, प्रोग्रॅम कुणाच्या तरी खात्यातून चालवावा लागतो. तिनं पुन्हा टाइप केलं.

"तुम्ही गेलात की मी मुकी."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी करायला हवं होतं."

"रडू नका. करा."

रविवारी मी कामाला बसलो. तिची खुर्ची माझ्या शेजारी, पडदा दोघांना दिसेल असा. सगळ्यात आधी तिच्या नावाचं वेगळं खातं काढलं. पासवर्ड तिनं घातला, मला मान वळवायला लावून. मग एक छोटी फाइल लिहिली. त्यात संगणकाला सांगायचं असतं की हा प्रोग्रॅम कुठे आहे, कुणाच्या नावानं चालवायचा, कशानंतर सुरू करायचा आणि बंद पडला तर काय करायचं. मी एकेक ओळ वाचून तिला अर्थ सांगत होतो.

"म्हणजे ड्यूटीचा तक्ता," तिनं टाइप केलं. "कंट्रोलर रजेवर गेला तरी गाडी सुटते."

"अगदी तसंच."

"मग एवढे दिवस माझी गाडी तुमच्या रजेवर होती."

हे ती चिडून म्हणाली की थट्टेनं, ते त्या सपाट आवाजात कळायला मार्ग नव्हता. चेहऱ्याचे स्नायूही फारसे राहिले नव्हते. मी हसलो, आणि मग हसायला नको होतं असं वाटलं.

जुनी खिडकी बंद केली आणि सर्व्हिस सुरू केली. संगणक म्हणाला, चालू आहे. हिरव्या अक्षरांत. तिनं "पाणी" निवडलं. काही नाही. पुन्हा निवडलं. शांत. आता तिच्याकडे बोलायचं साधनच नव्हतं. मी बाराखडीचा पुठ्ठा तिच्या मांडीवर धरला आणि ती एकेका अक्षरावर बोट नेऊ लागली. कु. ठे. शो. ध. तो.

कुठे शोधतो? माझ्या डोक्यात उजेड पडला. हातानं सुरू करताना प्रोग्रॅम माझ्या फोल्डरमध्ये उभा असायचा आणि तिचे साठवलेले शब्द तिथंच शेजारी सापडायचे. सर्व्हिस म्हणून चालताना तो भलतीकडेच उभा होता आणि रिकाम्या जागी तिचा आवाज शोधत होता. मी तिचे शब्द तिच्या खात्यात हलवले, पूर्ण पत्ता लिहून दिला. तरी आवाज नाही. स्पीकर वापरायची परवानगी तिच्या खात्याला दिलेलीच नव्हती. तीही दिली.

"पाणी," स्वयंपाकघरातून तिचा जुना आवाज आला. मी उठून खरोखर पाणी आणायला गेलो. परत येईपर्यंत तिनं पुढचं लिहून ठेवलं होतं.

"वायर काढा."

"आता कशाला? चालतंय की."

"वायर काढा."

मी बोर्डातली वायर उपटली, दहा आकडे मोजले, पुन्हा लावली. संगणक उठला. आम्ही वाट पाहिली. तिनं बटण दाबलं, काहीच झालं नाही. मग माझ्या लक्षात आलं. मी सर्व्हिस तेवढ्यापुरती सुरू केली होती, पण दरवेळी संगणकाबरोबर सुरू हो, असं सांगायची वेगळी आज्ञा असते, ती दिली नव्हती. जे दहा वर्षं दुसऱ्यांना शिकवलं तेच विसरलो होतो. तिनं वायर काढायला लावली नसती तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर पुन्हा तीच दुपार झाली असती.

आज्ञा दिली. वायर काढली, लावली. त्या चाळीसेक सेकंदांत तिचं बोट बटणावरच होतं.

"अहो."

मी कुठेही लॉगिन केलं नव्हतं. मी पडद्याला हातही लावला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिला माझाच हात लागत होता.

त्यानंतरचे महिने, आता वाटतं, बरे गेले. मी कामावर असताना घरात आवाज असायचा. काकू सांगायच्या, आज तुमच्या बायकोनं मला भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून भिंतीपलीकडून रागावलं. वणीला तिची मोठी बहीण असते, आम्ही दोघंही तिला अक्का म्हणतो. अक्का रोज सकाळी फोन करायची, मावशी फोन स्पीकरशी धरायच्या आणि दोघी बोलायच्या. वीज चार-पाच वेळा तरी गेली आणि आली. मला कळायचंसुद्धा नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलू लागली होती. माझ्यावर एक गोष्ट सोडून कशावरूनही रागवत नव्हती.

ती गोष्ट म्हणजे नळी. गिळण्याचे स्नायूही ढिले पडत चालले होते. डॉक्टरांनी पोटातून जेवण देण्याची नळी बसवायला सांगितलं होतं. ती नको म्हणायची. "चव जाईल," एवढंच टाइप करायची. शेवटी मी ठरवून टाकलं होतं आणि तिला तसं बजावलंही होतं, की एकदा जरी मोठा ठसका लागला तर मी ऐकणार नाही, दुसऱ्या दिवशी नळी. रोज संध्याकाळी मी मावशींची वही बघायचो. काय खाल्लं, किती वेळ लागला, ठसका लागला का. ठसक्याच्या रकान्यात रोज 'नाही'.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी कारखान्यात असताना काकूंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका दारात होती. छातीत अन्न-पाणी उतरून संसर्ग झाला होता, तो बरेच दिवस साठत आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. अतिदक्षता विभागात आमचा छोटा संगणक नेऊ देईनात. मी पुठ्ठा नेला. तिचं बोट उचललंच गेलं नाही. मी एकेक अक्षर दाखवून विचारत राहिलो, हे का, हे का, आणि ती डोळे मिटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. काय सांगायचं होतं, की काहीच सांगायचं नव्हतं, मला माहीत नाही.

महिन्याभरानं अक्काचा फोन आला. "तिचा आवाज हाय ना तुमच्याकडं? मला तेवढा द्या."

एका रविवारी सकाळी मी तो संगणक उघडला. तिचा पासवर्ड मला माहीत नव्हता, पण यंत्र मी बसवलेलं, त्यामुळे आत शिरता आलं. शब्द पेनड्राइव्हवर घेतले. मग सवयीनं सर्व्हिस कशी चाललीय ते बघायला त्या प्रोग्रॅमची नोंद उघडली. संगणक पाठीमागे चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचं बोलणं वेळेसकट लिहून ठेवतो. सर्व्हिस बसवली त्या रविवारी दोष शोधताना मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती, की जे वाक्य वाचशील ते नोंदीतही लिही. ती काढायला विसरलो होतो. त्या दिवसापासून ती जे जे बोलली ते सगळं तिथे होतं.

मी वाचायला नको होतं. वाचलं.

"मावशी, खिडकी उघडा." "काकू, तुमची सून आली का?" "अक्का, तिकडे द्राक्षं निघाली का?" अकरा वाजून दहा मिनिटं. "थोडा अजून." अकरा बारा. "पाठ थोपटा." अकरा पंधरा. "ठीक आहे. ह्यांना सांगू नका."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "ह्यांना सांगू नका." मग दोन दिवसांनी. मग जवळजवळ रोज. एकदा, "वहीत नाही लिहा." एकदा, "मावशी, तुमच्या पाया पडते."

त्या स्वतंत्र आवाजाचा मला केवढा अभिमान होता.

मावशी अजून माझा स्वयंपाक करायला येत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी विचारलं. त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

"चहा, भाऊ," त्या म्हणाल्या. "वहिनींना चहा लागायचा. गिळायला सोपा म्हणून पावडर घालून घट्ट केलेला नाय, साधा, बशीतला. मी चमच्यानं द्यायची. ठसका लागायचा. मी नाय म्हणायची. त्या म्हणायच्या, मावशी, जिभेला तेवढं एकच राह्यलंय."

"आणि त्या दिवशी?"

त्या रडायला लागल्या. "त्या दिवशी पण चहाच होता."

मी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या पदरानं हात पुसत निघून गेल्या. परातीत भिजवलेली कणीक राहिली.

पेनड्राइव्ह घेऊन मी वणीला गेलो. अक्काला सगळं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. तिला धक्का बसला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"सांगितलं होतं तिनं. फोनवर. त्या मशिनीच्या आवाजात."

"आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर काय केलं असतं तुम्ही?"

"नळी बसवली असती. वर्षभर जगली असती अजून. कदाचित जास्त."

"हां," अक्का म्हणाली. "तेच तिला नको होतं. ती म्हणली, अक्का, पहिल्यांदा माझं काहीतरी माझ्या हातात हाय. ते त्यांना कळलं तर ते प्रेमानं काढून घेतील."

ती आत जाऊन चहा टाकायला लागली, मग तिलाच काहीतरी वाटलं आणि गॅस बंद करून पाणी घेऊन आली. पेनड्राइव्ह तिनं देवाच्या फळीवर ठेवला. लावून ऐकला नाही. मी दुपारच्या गाडीनं परत निघालो. दिंडोरीपर्यंत शेजारचा माणूस फोनवर कुणाशी तरी जोरजोरात भांडत होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता.

मला अजूनही वाटतं की तिनं मला सांगायला हवं होतं. मी समजून घेतलं असतं असं मात्र छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मी नळीच बसवली असती. हे दोन्ही खरं आहे आणि त्यांचं एकमेकांशी काही जमत नाही.

चार दिवसांनी मी मावशींच्या घरी गेलो. त्या दारातच धुणं पिळत होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, हातातून पाणी गळत होतं.

"रागावले का, भाऊ?"

"रागावलोय," मी म्हणालो. "उद्या या. सकाळी, नेहमीच्या वेळेला."

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "भाजी कोणती करू?"

घरात भाजी काय करायची हे इतकी वर्षं तीच सांगायची.